वेब शिकवणारं माणूस शोधताना

पतसंस्थेचे मॅनेजर अहवालाची प्रुफं तपासून उठता उठता म्हणाले, "हेच सगळं वेबसाइटवरपण टाकून द्या की." मी नाही म्हणालो, कारण मला ते येत नव्हतं. काम दुसरीकडं गेलं. दोन महिन्यांनी त्यांनीच मोबाइलवर ती वेबसाइट मला दाखवली. रफार आणि वेलांट्यांची टोकं वरून कापली गेली होती. शीर्षकातली अक्षरं सुटी मांडल्यामुळं शिरोरेषेचे तुकडे पडले होते. मॅनेजरांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं, मला मात्र ते बघवेना.

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजूला एका छापखान्यात १९ वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडायचं काम, करतोय. लग्नपत्रिका, वास्तुशांत, पावतीपुस्तकं आणि जून ते सप्टेंबर सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल. सप्टेंबरअखेर सभा घ्यावी लागते म्हणून ऑगस्टमध्ये रात्री बारा-बारापर्यंत बसायचं, हे ठरलेलं. पेजमेकरपासून सुरुवात केली, कोरलड्रॉ हाताला बसलंय. २०२० साली लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली आणि ५०० पत्रिका छापणारं गिऱ्हाईक मोबाइलवर पाठवायला एक चित्र मागू लागलं. निर्बंध उठले, पण ती सवय राहिली. पुढची १९ वर्षं कागदावर निघणार नाहीत हे कळत होतं. तरी खरं सांगायचं तर वेबसाइट बनवायला शिकायचं ठरवलं ते पोटासाठी कमी आणि त्या कापलेल्या रफारांसाठी जास्त.

आधी एकट्यानंच सुरू केलं. रात्री दहा ते बारा, चार महिने. यूट्यूबवर हिंदीतून भरपूर आहे. फ्रीकोडकॅम्प या साइटवरचे धडे फुकट आहेत आणि चांगले आहेत. एचटीएमएल (पानावर काय आहे ते सांगणारी भाषा) आणि सीएसएस (ते कसं दिसावं ते सांगणारी) यांचे धडे मी एकामागून एक पुरे केले, प्रत्येक धड्यापुढं हिरवी खूण आली. एका रविवारी ठरवलं की आता कुणाचं न बघता एक साधी लग्नपत्रिका पानावर मांडायची. रिकामी फाइल उघडली. पहिल्या चार ओळी लिहिल्या आणि पुढं काहीच सुचेना. वधूचं नाव डावीकडं, वराचं उजवीकडं, मध्ये 'आणि'. कोरलमध्ये हे दहा सेकंदांचं काम. तिथं दीड तास गेला. दुसऱ्यानं केलेलं बघून समजणं वेगळं आणि स्वतःला येणं वेगळं, हे त्या दिवशी लख्ख कळलं. माझं कुठं चुकतंय हे शेजारी बसून बघणारं कुणीतरी हवं होतं.

क्लासचा पर्याय आधी बघितला. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये सहा महिन्यांचा कोर्स होता, ४५,००० रुपये, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता भरून मी बसायला लागलो. खोलीत ३० मुलं, बहुतेक इंजिनिअरिंग झालेली, मुलाखतीची तयारी करणारी. त्यांना जे हवं होतं ते तिथं होतं. पण सहा आठवड्यांत शिकवणारे तीन वेळा बदलले. प्रत्येक नवीन सर कुठपर्यंत झालंय ते विचारायचे आणि मुलं सांगतील तिथून पुढं निघायचे. मी हात वर करून विचारलं की माझ्या पानावर मजकूर पेटीबाहेर का जातोय, तर उत्तर आलं, "ते नंतर येईल." दुसरा हप्ता मी भरला नाही. पहिले १५,००० गेले. त्याचं दुःख फार दिवस राहिलं, कारण घरात विचारून दिलेले पैसे होते.

मग खाजगी शिकवणीचा शोध. शिकवणारे आणि शिकणारे यांची गाठ घालून देणाऱ्या एका साइटवर मी माझी गरज नोंदवली. अर्ध्या तासात फोन सुरू झाले. दोन दिवसांत १७ फोन आले. पहिले चार-पाच मी गोंधळून घेतले आणि कोण काय म्हणालं ते विसरलो. नंतर छापखान्यातली एक कोरी वही घेतली आणि प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवू लागलो. आता स्वतः कुठं वेबचं काम करता का? एका वेळी किती जण? मी काय बनवणार ते कोण ठरवणार? मधल्या दिवसांत अडलो तर काय करायचं? तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण अडखळायचे. त्यांच्याकडं अभ्यासक्रम तयार होता, त्यात पहिलं पान चहाच्या दुकानाचं, दुसरं कामांच्या यादीचं. मला पतसंस्थेचा अहवाल मांडायचाय म्हटल्यावर "ते शेवटी बघू" म्हणायचे.

डेमो तास तिघांकडं केले.

पहिले सर नोएडाचे, ऑनलाइन, हिंदीतून. हुशार माणूस, यात शंका नाही. पण पहिल्याच तासाला थेट पुढच्या पायरीच्या रिअॅक्टवर आले. "एचटीएमएल तो आप कर ही चुके हैं." मला अजून डिव्हच्या, म्हणजे पानावरच्या चौकटीच्या, आत डिव्ह बसवताना घाम फुटत होता. त्या तासात एक गोष्ट मात्र शिकलो, आणि पुढच्या निवडीत ती फार कामाला आली. ऐकायला हिंदी पुरते, पण अडलेलं सांगायला आपलीच भाषा लागते. माझं कोडं हिंदीत मांडता मांडता ते सोपं होऊन जायचं, आणि त्यांचं उत्तर त्या सोप्या कोड्याचं असायचं. मूळ गाठ तशीच राहायची.

दुसरा एक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा, तासाला २०० रुपये, छापखान्यात येऊन शिकवायला तयार. स्वभावानं गोड. मी कुठं अडलो की "थांबा काका" म्हणून कीबोर्ड स्वतःकडं ओढायचा, भराभर टाइप करायचा आणि पान झकास दिसायचं. तास संपला तेव्हा माझ्या मशीनवर सुंदर मेन्यूबार होता आणि त्यातली एक ओळही माझी नव्हती. त्याला वाईट वाटू नये म्हणून चहा पाजून, मनापासून आभार मानून निरोप दिला.

तिसरे सर पुण्यातल्या मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर. तासाला १,५०० रुपये. शिकवणं उत्तम होतं. ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडून कुठल्या घटकाला कुठला नियम लागलाय आणि कुठला खोडला गेलाय हे त्यांनी दाखवलं, तेव्हा मला पहिल्यांदा आत डोकावल्यासारखं वाटलं. पण त्यांना वेळ रात्री अकरानंतरची, आणि पहिल्या तीन ठरलेल्या तासांपैकी दोन ऐनवेळी रद्द झाले. कामाच्या माणसाचं असं होतं, मी समजू शकतो. शिकणाऱ्याची लय मात्र तुटते. आधीच्या दिवशी जे सुचलेलं असतं ते आठवड्यानं शिळं होतं.

एवढ्यावर मी थांबलोच होतो. मग फेब्रुवारीत साने गुरुजी वसाहतीतले एक गृहस्थ वास्तुशांतीची पत्रिका करायला आले. प्रुफ बघता बघता माझ्या स्क्रीनवर मागं उघडं राहिलेलं एचटीएमएलचं पान त्यांना दिसलं. "हे तर आमच्या मुलीचं काम," म्हणाले. मुलगी पुण्याच्या कंपनीत वेबसाइट बनवण्याच्या कामाला, पण घरूनच काम करायची, कोल्हापुरात. मी विचारलं, शिकवतील का? ते म्हणाले, तिनं कधी शिकवलेलं नाही, पण विचारून बघा.

वय २६. पहिल्या भेटीत मला म्हणाली, "दादा, मॅडम म्हणू नका, नावानं हाक मारा." मी अजूनही मॅडमच म्हणतो. शिकवणाऱ्याला एकेरी हाक माझ्या तोंडातून निघत नाही.

त्या दिवशी तिनं मला काहीच शिकवलं नाही. "तुमचं काम दाखवा," म्हणाली. मी पिशवीतून एक छापील अहवाल काढला. तिनं पानं उलटली आणि विचारत गेली. हे दोन कॉलम कसे लावले? मधली जागा किती? प्रत्येक पानावर संस्थेचं नाव पुन्हा पुन्हा टाइप केलंय का? मी सांगत गेलो, की नाही हो, मास्टर पेज असतं, एकदा टाकलं की सगळीकडं येतं. शीर्षकांची स्टाइल एकदा ठरवायची, नंतर बदलली तर सगळीकडं बदलते. ती हसली. "सीएसएस म्हणजे हेच की. तुम्ही १९ वर्षं करताय." मार्जिन म्हणजे चौकटीबाहेरची जागा, पॅडिंग म्हणजे चौकट आणि मजकूर यांमधली. कागदावर मी दोन्ही डोळ्यांनी मोजत आलो होतो, त्याला नावं असतात एवढंच नवीन होतं. चार महिने जे घोकत होतो ते त्या अर्ध्या तासात जागेवर बसलं.

मग लॅपटॉप माझ्यापुढं सरकवून तिनं सांगितलं, "ही लग्नपत्रिका लावा. मी बघते." मी अडलो. तिनं हात पुढं केला नाही. "तुम्हाला काय व्हायला हवंय? आणि आता काय होतंय?" एवढंच विचारलं. पाच मिनिटं शांतता. मी बाहेरच्या डिव्हला 'डिस्प्ले फ्लेक्स' हा आतले घटक शेजारी शेजारी मांडणारा नियम लिहिला आणि दोन्ही नावं समोरासमोर उभी राहिली. घरी जाताना गाडीवर माझ्याच नादात होतो. शोध संपलाय हे तिथंच कळलं. डेमोच्या शेवटी कीबोर्ड कुणाच्या हातात आहे, एवढं बघायला हवं होतं आणि माझ्या वहीत नेमका तोच प्रश्न नव्हता.

फीचं बोलणं अवघड गेलं. तिच्या वडिलांना पैसे घेणं बरं वाटेना, "घरचंच आहे" म्हणायला लागले. मी आग्रह धरला. फुकट शिकायला लागलो असतो तर दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायला जीभ उचलली नसती. तासाला ५०० ठरले. शनिवार-रविवार सकाळी आठ ते साडेनऊ. आधी चार तास करायचे, मग दोघांनी मिळून ठरवायचं. प्रत्येक तासाला त्या त्या वेळी पैसे, आगाऊ काही नाही. लग्नसराईत आणि ऑगस्टमध्ये मला दांडी माफ, तिच्या कंपनीचं काम अंगावर आलं तर तिला. हे सगळं एका कागदावर लिहिलं. एकमेकांचे संबंध चांगले राहायचे असतील तर असं लिहिलेलं बरं.

तिची एक अट होती. अडलो की आधी २० मिनिटं स्वतः झगडायचं. तेवढ्यात सुटलं नाही तर मेसेज करायचा, पण 'चालत नाही' असा नव्हे. काय करून बघितलं, काय अपेक्षा होती, काय झालं, हे तीन ओळींत. सुरुवातीला हे फार जड गेलं. मग लक्षात आलं की तिसरी ओळ लिहिता लिहिता अर्ध्या वेळा उत्तर सापडतं आणि मेसेज पाठवायची वेळच येत नाही. एआयला विचारायलाही तिनं मनाई केली नाही. फक्त आधी स्वतःचा अंदाज वहीत लिहायचा, मग विचारायचं, आणि आलेलं उत्तर न बघता हातानं लिहून काढायचं. मला वाटतं, शिकायच्या काळात ही शिस्त फार गरजेची आहे, नाहीतर त्या गोड पोरानं केलं तेच मशीन करतं.

जावास्क्रिप्टवर, म्हणजे पानाकडून हिशोबासारखी कामं करून घेणाऱ्या भाषेवर, आलो तेव्हा मी मुदत ठेवीचं व्याज काढणारा छोटा फॉर्म बनवायला घेतला. ठेव ५०,०००, दर ७ टक्के, एक वर्ष. व्याज बरोबर आलं, ३,५००. मुदतीनंतरची रक्कम मात्र ५०,००,०३,५०० दिसायला लागली. दोन संध्याकाळी मी त्यावर बसलो. व्याज बरोबर येतंय म्हणजे ठेवीचा आकडा बरोबर पोहोचतोय, मग बेरीजच कशी चुकते? शनिवारी मॅडमनी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावली आणि ठेवीपाशी थांबवून विचारलं, "हा आकडा आहे की मजकूर?" रकान्यात टाइप केलेलं जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मिळतं. गुणाकाराला ती त्याचा आकडा करून घेते, पण अधिकचं चिन्ह दिसलं आणि एक बाजू मजकूर असली की दोन्ही शेजारी शेजारी चिकटवते. ५०००० ला ३५०० चिकटले होते. हे तिनं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरलो असतो. दोन संध्याकाळींनंतर ते आता आयुष्यभर विसरणार नाही.

लगेच पुढची अडचण माझ्या बायकोनं काढली. तिच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड असतो. तिनं ५०००० देवनागरी आकड्यांत टाकले आणि उत्तराच्या जागी 'नॅन' आलं, म्हणजे हा आकडाच नव्हे. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक अंक वाटत नाहीत. पतसंस्थेचे निम्मे सभासद असंच टाइप करणार. मॅडमनाही हे आधी कधी लागलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक अक्षर तपासून देवनागरी अंकाच्या जागी इंग्रजी अंक घालणारं छोटं फंक्शन लिहिलं. उत्तर पुन्हा मराठीत दाखवायला मात्र ब्राउझरमध्येच सोय निघाली. जावास्क्रिप्टच्या 'टूलोकलस्ट्रिंग' या तयार आज्ञेला मराठी भाषा सांगितली की १२३४५६ चं १,२३,४५६ होतं, लाखाचा स्वल्पविरामही बरोबर जागी.

आणि मग आली अक्षरं. इथं मात्र तास उलटा झाला.

माझ्याकडचा जुना सगळा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टांतला. त्या काळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. छापताना फॉन्ट जवळ असला की सगळं ठीक, पण तोच मजकूर वेबच्या पानावर टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल दिसतो. मॅडमना वाटलं फाइल बिघडली. मी समजावून सांगितलं, की युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा पट्टा आहे, तिथं प्रत्येक अक्षराची ओळख पक्की असते, फॉन्ट कुठलाही असो. रूपांतर करून घेतलं तरी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार पुन्हा डोळ्यांखालून घालावे लागतात. जुन्या फॉन्टांत ते दिसतात त्या क्रमानं टाइप केलेले असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं.

कापलेल्या रफाराचं कारणही तेव्हाच सापडलं. आम्ही पतसंस्थेची ती साइट ब्राउझरमध्ये उघडून आत बघितली. ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं अगदी घट्ट ठेवलेली, आणि चौकटीबाहेर जाईल ते झाकायचं असा नियम. इंग्रजीला तेवढी उंची पुरते. मराठीत वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरं, त्यांना श्वास घ्यायला जागा हवी. शीर्षकाला लेटर-स्पेसिंग दिलेलं, म्हणून शिरोरेषा तुटलेली. देवनागरीत अक्षरांमध्ये फट घालायची नसते, हे छापखान्यातलं पोरगंसुद्धा सांगेल. ज्यानं साइट केली त्याला कुणी सांगितलं नसणार एवढंच.

'ल'चं तर मॅडमना नवलच वाटलं. राज्य शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून मराठीचा पाकळीचा 'ल' प्रमाण ठरवला. आमच्या पानावर मात्र हिंदी वळणाचा दंडाचा 'ल' येत होता. मी म्हणालो, फॉन्ट बदलायचा. तिनं शोधून काढलं की ज्या फॉन्टांत मराठी रूपं आतच बसवलेली असतात, त्यांना पानाची भाषा मराठी आहे एवढं सांगावं लागतं. एचटीएमएलच्या पहिल्याच खुणेत लँगच्या पुढं 'एमआर' लिहिलं, पान पुन्हा उघडलं, आणि सगळे 'ल' आणि 'श' आपल्या वळणावर आले. आम्ही दोघंही काही वेळ नुसते बघत राहिलो. तिच्या आईनं ठेवलेला चहा गार झाला होता.

चार तासांचं ठरलेलं आता दीड वर्ष झालं. फी तिनं वाढवली नाही, मीच ६०० करायला लावली. पतसंस्थेचा यंदाचा अहवाल मी कागदावर लावला आणि तोच वेबवरही. मॅनेजरांनी मोबाइलवर अध्यक्षांचं मनोगत मोठं करून वाचलं आणि अक्षरांबद्दल काहीच बोलले नाहीत. काही खटकलं नाही, म्हणून बोलले नाहीत. मला तेवढं पुरे होतं.

सध्या गिट, म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, चाललंय. जुनी आवृत्ती परत कशी आणायची हे मला समजतं, पण एकाच कामाचे वेगळे झालेले दोन फाटे एकत्र जोडताना अजून चुकतं. शनिवारी त्यावरच बसणार आहोत. तीन ओळी मी काल रात्रीच लिहून ठेवल्यात.